आठ मिलिमीटर

३ मार्च, सोमवार. चहाच्या सुट्टीत.

मशीन आलं. दहा फुटी टेबल, टेबलावर रूळ, रुळांवर आडवा पूल, पुलाला लोखंड कापायचा टॉर्च. प्लाझ्मा तोच, हवा तीच, ठिणग्या त्याच. फक्त धरायला माणूस नाही. मला काही फरक पडत नाही, हे सकाळपासून मी चार जणांना सांगितलं.

मशीनबरोबर ते चालवणारी बाई आली. तिशी-पस्तिशीची, चष्म्याला दोरी, सेफ्टी शूज इतके स्वच्छ की पाहुणी म्हणून घालून आल्यासारखे. सगळे तिला मॅडम म्हणायला लागलेसुद्धा. मी मनातल्या मनात कीबोर्ड म्हणणार आहे.

फोरमन म्हणाला, उस्ताद, दोघांना पुरून उरेल एवढं काम आहे. घाबरलाय बिचारा. मी सोडून गेलो तर बावीस वर्षांचा हात जाईल, हे त्याला कळतं.

संकल्प: चिडायचं नाही. मशीनकडे बघायचं नाही. दिवसाला चहा दोनच.

हा तिसरा.

४ मार्च, मंगळवार

मशीनकडे बघितलं, पण अभ्यास म्हणून. माझ्या टॉर्चची मान वाकडी, त्याच्या टॉर्चची सरळ. मी वाकून बघतो, ते बघतच नाही. माझा वेग श्वासावर चालतो. प्लेटच्या खालून ठिणग्या कशा पडतात ते बघायचं आणि हात सैल सोडायचा किंवा आवरायचा. त्याचा वेग आकड्यावर. सकाळी एक आकडा टाकला की दिवसभर तोच. प्लेट वाकडी असली तर टॉर्च आपोआप वर-खाली होतो. हे मीही करतो, पण मी त्याचं प्रदर्शन मांडत नाही.

शिवाय मशीनला काम टेबलापाशी आणून द्यावं लागतं, नवऱ्यामुलासारखं. मी कामापाशी जातो. शिडीवर, टाकीत, खड्ड्यात.

सोळा मिलिमीटरच्या प्लेटचा एकच तुकडा दोघांनी कापून बघितला. माझी कड साफ करायला ग्राइंडरवाल्याला अकरा मिनिटं लागली. मशीनच्या कडेवर त्याने नुसता अंगठा फिरवला आणि तुकडा बाजूला ठेवला. म्हणजे मशीन ग्राइंडरवाल्याच्या पोटावर पाय देणार. मी त्याला जगवतो. हे त्याला समजावून सांगितलं. त्याने मान हलवली. ग्राइंडर चालू होता, ऐकू आलं नसावं.

माझी कड जरा लाटेसारखी आली. कंप्रेसरमध्ये पाणी आहे. हवेबरोबर ते आलं की ज्योत थरथरते. कधीचा सांगतोय.

६ मार्च, गुरुवार. दुपारी ४.

आजचा दिवस महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

कीबोर्डने कानांचा फर्मा मागितला. कान म्हणजे मोठ्या पॅनेलच्या डोक्यावर वेल्ड करायचे जाड लोखंडी तुकडे. त्यांच्या भोकात क्रेनचं कडं अडकवून पॅनेल उचलतात. सोळा हवे होते. फर्मा म्हणजे त्याचा पत्र्याचा नमुना. तो प्लेटवर ठेवायचा आणि टॉर्चचं नोजल त्याच्या कडेला टेकवून फिरवायचं.

पण ज्योत निघते नोजलच्या मधून. त्यामुळे काप पडतो फर्म्याच्या कडेपासून आठ मिलिमीटर बाहेर. म्हणून माझे सगळे फर्मे मी सगळ्या बाजूंनी आठ-आठ मिलिमीटर लहान बनवलेले आहेत. हे कुठे लिहिलेलं नाही. माझ्या डोक्यात आहे. मशीनला नोजल टेकवायचं नसतं. ते फर्म्याच्या कडेवरून लाल ठिपका फिरवतं आणि जेवढं बघितलं तेवढंच कापतं.

कीबोर्डने विचारलं, काका, हे माप फायनल ना? मी म्हणालो, माप आहे तेच आहे. यात खोटं काय?

योजना अशी. उद्या पहिला कान निघेल, बारका निघेल, धावपळ होईल. मी हात पुसत पुसत पुढे येईन, थांबा म्हणेन, आणि आठ मिलिमीटरची गोष्ट सांगेन. फोरमन असेल, मालकही असतील. मग कळेल हात म्हणजे काय. अंदाजे वेळ अकरा.

पाठोपाठ कीबोर्ड परत आली आणि माझं नोजल पाच मिनिटांसाठी मागून घेऊन गेली. उलटसुलट करून बघत होती. चला, हातकामाबद्दल कुतूहल तरी जागं झालं.

७ मार्च, शुक्रवार

पावणेअकरापासून हातात फडकं घेऊन उभा होतो. पहिला कान निघाला. कीबोर्डने मोजला, वहीत काहीतरी लिहिलं, पुढचा लावला. धावपळ नाही. साडेबारापर्यंत सोळाच्या सोळा निघाले. हात पुसून पुसून कोरडे पडले.

फोरमनने एक कान उचलला, उलटा केला, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, उस्ताद, काही सांगायचंय का? मी म्हणालो, कंप्रेसरमध्ये पाणी आहे. त्याने कान परत पेटीत टाकला आणि तो गेला.

तीन मीटरवरून पेटीत नजर टाकली. आठ मिलिमीटर कमी. स्वच्छ दिसतंय. माझ्या डोळ्याला मिलिमीटर कळतो, मोजायची गरज नसते. यांना का दिसत नाही? कारण हे स्क्रीनवर विश्वास ठेवतात.

पुढे कुणी ना कुणी पकडेलच. फिटर पकडेल. तेव्हा सांगू. घाई नाही.

९ मार्च, रविवार

थोरली आणि जावई जेवायला आले होते. जावई क्रेनच्या टोळीत आहे. लग्न थोरलीने स्वतः ठरवलं, त्यामुळे तीन वर्षं आमच्यात हवामान आणि टीव्ही एवढेच विषय. बरोबर त्याचा दोस्त लंबू आला होता. मागे एकदा येऊन त्याने आमचा नळ दुरुस्त केला, तेव्हापासून ही त्याला घरचाच समजते.

जावई सहज म्हणाला, बाबा, चोवीसला तुमच्याच शॉपची पॅनेल उचलायची आहेत. धान्याच्या मोठ्या कोठीची. आठ पॅनेल. मी विचारलं, तू कुठे असतोस? म्हणाला, खाली, दोरी धरून. पॅनेल फिरू नये म्हणून एक माणूस खाली लागतो. मी विचारलं, वजन किती? म्हणाला, चार टन.

आठ पॅनेल, प्रत्येकाला दोन कान. सोळा.

ही म्हणाली, काय हो, ताटातलं तसंच का?

भोकापासून कडेपर्यंत तीस मिलिमीटर लोखंड लागतं. आठ गेले. बावीस राहिले. बावीस पुरतं. बहुतेक पुरतं.

१० मार्च, सोमवार. सकाळी ७.१५.

संकल्प: आज सांगायचं. आल्या आल्या. एकच वाक्य आहे: फर्मा आठने आत आहे. पाठ आहे.

१० मार्च, दुपारी

फोरमन फोनवर होता. मग ट्रक आला. मग कीबोर्ड जेवत होती, जेवताना कुणाला त्रास देऊ नये. मग मला वाटलं, इतके दिवस का नाही सांगितलं असं विचारतील. तीनच दिवस झालेत, त्यात एक रविवार. पण विचारतीलच.

उद्या.

१२ मार्च, बुधवार

काल सांगणार होतो. काल मालक आले आणि मशीनचं कौतुक करत राहिले. म्हणाले, एकही तुकडा परत आला नाही. अशा वेळी मध्येच बोलणं बरं दिसत नाही.

आज कान पॅनेलांवर चढले. फिटरने काही पकडलं नाही. वेल्डरनेही नाही. एवढ्या माणसांच्या हातांखालून गेलं आणि एकाच्याही लक्षात येऊ नये, याला काय म्हणायचं? शॉपचा दर्जा घसरलाय.

त्यावर तांबडा प्रायमर मारला. आता जवळून मोजायला गेलो तर लोक विचारतील, काय मोजताय. लांबूनच बघितलं. बावीस.

१५ मार्च, शनिवार

सांगण्यापेक्षा परस्पर बंदोबस्त केलेला बरा, असं ठरवलं. कुणाला कमीपणा नको.

पहिलं, जावयासाठी नवीन हेल्मेट आणलं. दुकानदाराला विचारलं, वरून चार टन पडलं तर? तो हसला. मी हसलो नाही.

दुसरं, जावयाला फोन करून म्हणालो, चोवीसला रजा टाक, आपण दोघे कुठेतरी जाऊन येऊ. तो म्हणाला, बाबा, तुम्ही म्हणालात हेच खूप झालं, पण त्या दिवशी नाही जमणार.

१६ मार्च, रविवार

थोरली आली, स्वयंपाकघरात आईपाशी रडली. मला वाटलं भांडण झालं. ही बाहेर येऊन म्हणाली, तुम्ही हेल्मेट दिलंत, फिरायला चल म्हणालात. तीन वर्षांनी बाबांनी आपलं म्हटलं, म्हणून रडतेय ती. मग हीही माझ्याकडे नवीन माणसासारखं बघायला लागली. जास्तीची साय माझ्या वाटीत पडली.

मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

१८ मार्च, मंगळवार

फोरमनने चहाला बोलावलं. म्हणाला, कापलेल्या मालावर सही करणारा एक माणूस नेमायचाय. नजर हवी, आणि चूक दिसली की तोंड उघडणारा हवा. मग परत तेच: उस्ताद, काही सांगायचंय का?

वाक्य एकदम जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. आठ म्हणेपर्यंत ओठ उघडले. तेवढ्यात कीबोर्ड दारात आली, आणि मी म्हणालो, आठवड्यातून दोनदा तरी कंप्रेसरचं पाणी काढायला हवं.

फोरमनने कप खाली ठेवला. म्हणाला, बरं.

फोरमनला माणूस निवडायला मदत हवी असेल. माझ्या डोळ्यासमोर तरी कुणी लायक नाही.

२० मार्च, गुरुवार

नवी योजना, आणि ही बिनतोड आहे. सोळा कान मीच हाताने कापायचे, बरोबर मापाचे, आणि फिटरला पटवून बदलून टाकायचे. जेवणाच्या सुट्टीत सुरू केलं.

पहिला बरा आला. दुसऱ्याला वळणावर हात थरथरला आणि कडेला उंदराने कुरतडल्यासारखा घास पडला. तिसऱ्याला भोकाशी ज्योत तिरकी गेली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून बघितलं, तर दोन्ही हात हलायला लागले.

पलीकडे मशीन एकसारखं कापत होतं. त्याला ना जावई, ना चोवीस तारीख.

कंप्रेसरमध्ये पाणी.

तिन्ही तुकडे भंगाराच्या पेटीत, बाकीच्या भंगाराखाली.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी १२.

पॅनेल ट्रकवर चढली. मी फाटकापाशी उभा राहून कान मोजले. सोळा. ड्रायव्हरने विचारलं, काही राहिलं का काका? मी म्हणालो, नाही.

ट्रक वळणापलीकडे गेल्यावरही मी तिथेच होतो. वॉचमनने खुर्ची आणून दिली.

संकल्प: सोमवारी साइटवर जाऊन क्रेनच्या साहेबाला प्रत्यक्ष सांगायचं. तिथे मला कोणी ओळखत नाही, सोपं जाईल.

२४ मार्च, सोमवार. दुपारी ३.

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सव्वासातला साइटवर पोचलो. फाटकावर हेल्मेट दिलं. क्रेनचा साहेब समोर, दहा पावलांवर, हातात वॉकीटॉकी. वाक्य पाठ होतं. पहिलं पॅनेल आडवं पडलेलं, कानांत कडी घातलेली. जावई दोरी हातात घेत होता. डोक्यावर मी दिलेलं हेल्मेट. मला बघून त्याने हात केला.

मी साहेबाकडे चार पावलं गेलो. मग पोट धरून खाली बसलो.

ठरवलं नव्हतं. बसलो खरा. जावई दोरी टाकून धावत आला. साहेब ओरडला, कोणीतरी दोरी धरा. लंबूने धरली.

जावयाने मला प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं, बाकावर झोपवलं, बूट काढले. मी त्याचा हात सोडला नाही. तो म्हणाला, बाबा, मी आहे इथे. खिडकीतून सगळं दिसत होतं. क्रेनचा दोर ताणला गेला. पॅनेलचं एक टोक उठलं, मग सगळंच उठलं, हवेत गेलं, हळूहळू फिरायला लागलं. खाली लंबू मान वर करून उभा.

मी ओरडू शकलो असतो. खिडकी उघडी होती. मी ओरडलो नाही. मी जावयाचा हात धरून ठेवला आणि त्या उंच माणसाकडे बघत राहिलो. त्यानेच आमचा नळ दुरुस्त केला होता.

पॅनेल जागेवर बसलं. मग दुसरं. दुपारपर्यंत आठही. काही झालं नाही.

जेवणाच्या सुट्टीत लंबू पाण्याची बाटली घेऊन आला. म्हणाला, काका, बरं वाटतंय का आता? जावयाला म्हणाला, तू बस त्यांच्यापाशी, तुझं काम बघतो मी.

मला लाज वाटली. हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत मी याला दुसरं काही नाव दिलेलं असेल.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी.

नीट विचार केला. बावीस मिलिमीटर पुरतंच. इंजिनीअर लोक दुप्पट धरून चालतात. मला हे आतून माहीत होतं, म्हणूनच मी बोललो नाही. अनुभव म्हणतात तो हाच.

२५ मार्च, दुपारी

फोरमनने केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

कीबोर्डची वही समोर ठेवली. सहा तारीख, तीन वाजून वीस मिनिटं. तिच्या अक्षरात: फर्म्याची कड नोजल घासून चकचकीत झाली आहे, म्हणजे हा नोजल टेकवून वापरायचा फर्मा, नोजल मोजलं, सगळ्या बाजूंनी आठ वाढवले. खाली पहिल्या कानाचं माप. भोकापासून कडेपर्यंत तीस.

तीस. मी तीन मीटरवरून बावीस बघत होतो.

मी विचारलं, मग मला का विचारलं तिने? फोरमन म्हणाला, तुम्ही सांगाल म्हणून. शंका आली म्हणून सात तारखेला ग्राइंडरवाला आपणहून येऊन, उस्तादांचे फर्मे मापापेक्षा लहान असतात, असं सांगून गेला. मी तिला म्हणालो, उस्तादांना काही बोलू नका, ते स्वतः सांगतील. सही करायच्या जागेसाठी मालकांना तुमचंच नाव दिलं होतं. पत्र्यातलं तुमच्याइतकं इथे कुणाला कळत नाही. एका वाक्याची वाट बघत होतो, अठरा दिवस.

एक तारखेपासून ग्राइंडरवाला सह्या करणार.

चोवीस तारखेला मी साइटवर कशाला गेलो होतो, ते त्याने विचारलं नाही. जावयाला बघायला गेलो असेन असं त्याला वाटलं. तब्येत सांभाळा म्हणाला.

२७ मार्च, गुरुवार

कोठी उभी राहिली. आता वरचे कान कापून काढायचे. मशीन शिडी चढत नाही, त्यामुळे हे काम हातानेच. फोरमनने माझं नाव दिलं. म्हणजे शेवटी हात तो हात.

साडेआठला वर चढलो. पहिल्या कानापाशी कॅलिपर लावला. प्रायमरसकट तीस मिलिमीटर आणि थोडं वर.

कापलेला कान सुटा पडतो, म्हणून त्याला दोरी बांधून, ती वरच्या कठड्यावरून घेऊन खालून ताणून धरायची. जावई दुसऱ्या साइटवर आहे. खाली लंबू होता. दोरी हाताला गुंडाळून, मान वर करून, सोमवारसारखाच. म्हणाला, काका, बिनधास्त कापा, मी आहे खाली.

टॉर्च पेटवला. हात हलत होता. विझवला. परत पेटवला, परत विझवला. तिसऱ्यांदा खाली ओरडून सांगितलं, कंप्रेसरमध्ये पाणी आहे. लंबू दोरी सोडून कंप्रेसरपाशी गेला, पाणी काढायचा खालचा वॉल्व्ह पूर्ण उघडला, हात धरून बघितला आणि तळवा मला वर करून दाखवला. कोरडा. एक थेंब नाही. मग वॉल्व्ह बंद करून परत येऊन त्याच जागी उभा राहिला.

कामाच्या कागदावर संध्याकाळी लिहून दिलं. कापलेले कान: शून्य. कारण: कंप्रेसरमध्ये पाणी.